डोळे मिटल्यावर काय बघायचं?

गेल्या अंकात दहावी-बारावीच्या ताणाबद्दल लिहिताना कल्पनाचित्रणाचा ओझरता उल्लेख आला होता. सांगणाऱ्याच्या आवाजाच्या आधारानं मुलानं डोळे मिटायचे आणि एखादी निवांत जागा किंवा पुढे येणारा प्रसंग मनात उभा करायचा, एवढंच तिथे सांगितलं होतं. त्यावर पालकांची, शिक्षकांची आणि खुद्द मुलांची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. मनात समुद्र बघून ताण कसा कमी होईल? ताण खरा आहे, समुद्र खोटा. आणि हे योगनिद्रेपेक्षा वेगळं आहे का? (एक आई, सातारा)

समुद्र खोटाच आहे. पण 'पेपर कोरा राहिला तर' हेही अजून घडलेलं नसतं, तरी त्यानं पोटात गोळा येतो आणि तळहात घामेजतात. कैरीच्या फोडीला तिखटमीठ लावून ती जिभेवर ठेवली आहे असं क्षणभर मनात आणा, तोंडाला पाणी सुटेल. मनातलं चित्र खरं की खोटं याची चौकशी शरीर करत बसत नाही. चिंता याच वाटेनं आत शिरते, म्हणून तिला बाहेर काढायलाही हीच वाट वापरायची.

काळजी बहुतेक वेळा शब्दांत चालते : 'बाबा काय म्हणतील, अकरावीला कुठे प्रवेश मिळेल.' तिला 'काही होत नाही, घाबरू नकोस' असं शब्दांनीच उत्तर दिलं, की मुलाच्या डोक्यात वाद सुरू होतो आणि वादात काळजी जिंकते. चित्राशी वाद घालता येत नाही. मात्र ते चित्र शरीरापर्यंत पोहोचायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस यावर काम केलं. ऐकवलेल्या वर्णनात फक्त खोली, टेबल, माणसं असतील तर शरीर फारसं हलत नाही. त्यात धडधड, श्वास, हातापायांची जाणीव मिसळली की हृदयाच्या ठोक्यांत खरोखर फरक पडतो. म्हणून 'समोर निळा समुद्र आहे' यापेक्षा 'ओल्या वाळूत टाच रुततेय, खांदे खाली आलेत' हे वाक्य जास्त काम करतं.

योगनिद्रा याच कुळातली. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तिला आजचा क्रम दिला : आडवं पडून संकल्प, मग एकेका अवयवावर लक्ष, श्वास, आणि पुढे चित्रं. ती बरीच लांब चालते. मुलगा आनंदानं करत असेल तर बदलू नका. इथे आपल्याला बाकावर बसून दोन मिनिटांत वापरता येईल असं काहीतरी हवं आहे, म्हणून रीत आटोपशीर.

यानं ताण उतरतो, संपत नाही. रात्री साडेपाच तास झोपणाऱ्या मुलाला आधी झोप द्या. 13 ते 18 वयात ती 8 ते 10 तास लागते.

प्रश्न : घरी करायचं तर नेमकं कसं? काय बोलायचं, किती वेळ, किती दिवस? मुलगी 14 वर्षांची आहे. (पालक, चिपळूण)

पहिल्या दिवशी डोळे मिटायचेच नाहीत. कागद-पेन घेऊन बसा आणि तिला विचारा : 'जिथे तुला कुणी काही म्हणत नाही, जिथे अंग सैल होतं, अशी जागा कुठली?' ती खरी असो वा मनानं रचलेली. आजोळची पडवी, गच्चीवरची टाकीमागची सावली, एसटीची खिडकीकडची सीट, ढगावरची खोली, काहीही चालेल. तुम्हाला पसंत नसलेली जागा तर जरूर चालू द्या. दोन पथ्यं मात्र पाळा. त्या जागेत भांडण होऊ शकेल असं माणूस नसावं, आणि नुकत्याच वारलेल्या आजीचं घर पहिल्यांदा घेऊ नये, कारण निवांतपणाच्या जागी रडू येतं.

मग त्या जागेचे बारकावे तिच्याकडून काढा. पायाखाली काय आहे, उजेड कुठल्या बाजूनं येतोय, जवळचा आवाज कोणता, लांबचा कोणता, वास कसला, हवा गार की उबदार, हाताला काय लागतं. तिचेच शब्द लिहून घ्या. ती 'मस्त गारेगार' म्हणाली तर तुम्ही 'शीतल' वाचायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव, एकूण 10 ते 12 मिनिटं. जेवल्यानंतर तासभर जाऊ द्या. फोन दुसऱ्या खोलीत. पाठीला टेकू देऊन खुर्चीवर बसवा आणि पाय जमिनीला टेकू द्या. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. डोळे मिटणं तिच्या मर्जीवर आहे. मिटायचे नसतील तर नजर फरशीवरच्या एका ठिपक्यावर ठेवू द्या. सुरू करण्याआधी विचारा, 'आत्ताचा ताण 0 ते 10 मध्ये किती?' आकडा लिहून ठेवा.

आधी श्वास. नाकानं 4 आकडे मोजत आत, 6 आकडे मोजत बाहेर, अशी सहा आवर्तनं. इथे हमखास एक गोष्ट बिघडते : मुलं 'दीर्घ श्वास' म्हटलं की छाती फुगवून भराभर हवा ओढतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्करल्यासारखं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि मूल आणखी घाबरतं. श्वास मोठा नको, बाहेर सोडणं लांब हवं. आकडे जमत नसतील तर 3 आणि 4 करा.

मग स्नायू. मुठी 5 सेकंद घट्ट, नंतर 10-15 सेकंद सोडून द्यायच्या. खांदे कानांपर्यंत उचलून सोडायचे. कपाळाला आठ्या घालून सोडायच्या. पायाची बोटं आत वळवून सोडायची. एकेकदाच. याला दोन मिनिटं पुरतात.

आता जागा. हळू बोला, साधारण बातम्या वाचतात त्याच्या निम्म्या वेगानं. प्रत्येक वाक्यानंतर मनात आठ आकडे मोजा. नवख्या माणसाला ही शांतता फार लांब वाटते आणि तो ती बडबडीनं भरून काढतो. भरू नका, चित्र त्या शांततेतच तयार होतं. नमुना असा :

'तुझ्या जागेकडे जाणारी वाट आठव. … घाई नाही. … पोहोचलीस की थांब, आणि पायाखाली काय लागतंय ते बघ. … उजेड कुठून येतोय? … अगदी जवळचा एक आवाज ऐक. … आता त्याच्या मागचा, लांबचा. … एखादा वास येत असेल, नसेल तरी चालेल. … हातानं कशाला तरी स्पर्श कर. गार आहे? खरखरीत? … बसावंसं वाटतंय की पडावंसं? तसं कर. … खांदे जड होऊन खाली आलेत का बघ. … जबडा सैल. … इथे तुला काही करायचं नाहीये.'

शेवटच्या वाक्यानंतर पूर्ण एक मिनिट गप्प राहा. 'तुला समुद्र दिसतोय, तुला खूप छान वाटतंय' अशी आज्ञा देऊ नका. तिला छान वाटत नसेल तर ती लगेच 'मला जमत नाही'वर येते. प्रश्न विचारा, 'असेल', 'जमलं तर' असे शब्द वापरा.

त्या शांत मिनिटाच्या अखेरीस डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवायला सांगा, तीन श्वासांपुरती. ही खूण. रोज त्याच क्षणी, तीच बोटं. दोनेक आठवड्यांच्या सरावानंतर नुसती बोटं जुळवून एक लांब श्वास सोडला तरी शरीराला तो सैलपणा आठवायला लागतो. उजवा हात पेनसाठी मोकळा राहतो, म्हणून डावा. मुलगी डावखुरी असेल तर उलट.

परत येणं वगळू नका. 5 पासून 1 पर्यंत उलटे आकडे, बोटं हलवायची, डोळे उघडून खोलीतल्या तीन वस्तूंची नावं घ्यायची, मिनिटभरानं उठायचं. झटकन उठवलं तर डोकं जड राहतं आणि चिडचिड होते. मग पुन्हा आकडा विचारा. 7 चा 5 झाला तर उत्तम, 0 ची अपेक्षा ठेवू नका. आणि 'काय काय दिसलं, सांग ना' असं खोदू नका. ती जागा तिची आहे, तोंडी परीक्षेची नाही.

आठवड्यातून पाच दिवस, निवांत असताना. ही रीत फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती पहिल्यांदा पेपरच्या आदल्या रात्री काढली जाते. पोहणं कुणी पुरात शिकत नाही. फेब्रुवारीची परीक्षा असेल तर डिसेंबरात सुरुवात करा.

प्रश्न : मी 16 वर्षांची आहे. शाळेत ताईंनी डोळे मिटून बाग बघायला सांगितली. सगळ्यांना दिसली, मला नुसता काळोख. माझ्यात काही कमी आहे का? (विद्यार्थिनी, नाशिक)

कमी काही नाही. आधी हे तपास : डोळ्यांसमोर सिनेमासारखं चित्र उमटायला हवं असं तुला वाटतंय का? बहुतेकांचं चित्र अंधूक, तुटक, क्षणात पुसलं जाणारं असतं. 'दिसली' म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी कित्येकींना बाग माहीत होती, एवढंच.

पण काहीजणांना खरोखरच अजिबात चित्र दिसत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाच हे त्यांच्या लक्षात आलं होतं. 2015 मध्ये ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ अॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'अफँटेशिया' हे नाव दिलं. शंभरात साधारण एक ते चार जण असे असतात. हा आजार नाही आणि अभ्यासाच्या आड येत नाही.

तू बघण्याचा नाद सोड. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आठवता येतो का? शहाबादी फरशीचा तळपायाला लागणारा गारवा? घरापासून शाळेपर्यंतची वाट चालताना कुठे चढ, कुठे वळण, हे पायांना माहीत असतं. त्या वाटेनं मनात चाल. किंवा आवडत्या जागेचा फोटो उघड्या डोळ्यांनी दोन मिनिटं बघ : आधी कडा, मग रंग, मग सावल्या. हेही नको वाटलं तर वरच्या उत्तरातला मुठी-खांद्यांचा व्यायाम तेवढा सावकाश कर. त्याचं मूळ अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कामात आहे, आणि त्याला चित्राची गरजच नाही.

प्रश्न : मुलगा नीटची तयारी करतोय. रोज रात्री त्याला डोळे मिटून बसवतो. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, 720 पैकी 680 गुण, गावात सत्कार, असं सगळं बघायला लावतो. तरी ताण वाढतोच आहे आणि अभ्यासही मंदावलाय. चुकतंय कुठे? (वडील, लातूर)

चित्र चुकतंय. ते तुमचं आहे, आणि ते शेवटाचं आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी रोज पाच मिनिटं चांगले गुण मिळाल्याचं दृश्य बघितलं. काहींनी प्रत्यक्ष अभ्यास करण्याचं बघितलं : कुठे बसलोय, पुस्तक कुठलं, टीव्ही बंद केला. दुसऱ्या गटानं अभ्यास लवकर सुरू केला, त्यांची चिंता कमी राहिली आणि गुणही जास्त पडले. सत्काराचं चित्र बघून सगळं मिळाल्याचं समाधान मनाला थोडा वेळ मिळतं आणि हात आखडतो. शिवाय आधीच घाबरलेल्या मुलाला त्या चित्राच्या मागे दुसरं चित्र दिसतं : सत्कार झाला नाही तर वडिलांचा चेहरा. तुम्ही रोज रात्री त्याच्याकडून त्या भीतीचाच सराव करून घेताय.

आठ दिवस हे पूर्ण बंद ठेवा. मग त्याला स्वतःला लिहू द्या, पहिल्या पुरुषात, वर्तमानकाळात. खेळाडूंसाठी क्रीडा मानसशास्त्रज्ञ पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीतल्या तीन गोष्टी इथे थेट कामाच्या आहेत : सराव प्रत्यक्ष प्रसंगासारख्या स्थितीत करावा, जमेल तितका खऱ्या वेगानं करावा, आणि स्वतःला बाहेरून न बघता स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. म्हणजे पलंगावर आडवं पडून नको. टेबल-खुर्ची, साधे अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात चप्पल, समोर घड्याळ.

मजकूर साधारण असा व्हावा : दीड वाजता फाटक बंद होतं, मी त्याआधी बराच वेळ रांगेत उभा आहे. ऊन लागतंय, घसा कोरडा. तपासणी होते. वर्गात माझा बाक सापडतो, लाकूड हाताला गरम लागतं. दोन वाजता सुरू. 180 प्रश्न, 180 मिनिटं. मी जीवशास्त्रापासून सुरू करतो. (कुठून सुरू करायचं हे त्याचं त्यानं ठरवावं.) आता महत्त्वाचं : सलग तीन प्रश्न येत नाहीत. पोटात खड्डा पडतो, कान गरम होतात. मी पेन खाली ठेवतो. तळवे जमिनीला दाबतो. सहा आकडे मोजत श्वास सोडतो. डाव्या हाताची बोटं जुळवतो. प्रश्नाला खूण करून पुढे जातो. पुढचा येतो. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक तपासून गोल भरतो.

तो अडखळण्याचा भाग कधीही गाळू नका. सगळं सुरळीत चाललेलं चित्र परीक्षेत पहिल्या अवघड प्रश्नाला फाटतं. अडचण, तिची शरीरातली जाणीव आणि त्यावरची कृती, या तीन गोष्टी एकत्र बघितल्या तरच उपयोग. पाच ते सात मिनिटं, एका वेळी एकच प्रसंग. शेवट निकालावर न करता पेपर देऊन बाहेर आल्यावर पाणी पिण्यापाशी करा.

दहावी-बारावीसाठी हाच साचा, तपशील वेगळे : साडेदहाला केंद्रावर, बैठक क्रमांक शोधणं, उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवणं, 11 ते 2.10 चा पेपर, पुरवण्या बांधणं. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीच्या सूचना वाचून मजकूर भरा.

प्रश्न : नववीच्या 62 मुलांच्या वर्गात हा प्रयोग केला. मागचे बाक फिदीफिदी हसले, आणि एक मुलगी रडायला लागली. पुढे करू की नको? (शिक्षक, सोलापूर जिल्हा)

करा, पण वेगळ्या तऱ्हेनं. हसणं पहिल्या दोन-तीन वेळा होणारच. या वयात सगळ्यांसमोर डोळे मिटणं म्हणजे उघडं पडणं वाटतं. डोळे उघडे ठेवण्याची मुभा आधीच जाहीर करा : 'नजर बाकावर ठेवली तरी चालेल, करायचं नसेल तर वहीत रेघोट्या मारा, फक्त आवाज नको.' सक्ती गेली की हसूही ओसरतं. वर्गात पाच मिनिटं पुरेत. प्रार्थनेनंतरचा पहिला तास चांगला, डबा खाल्ल्यानंतरचा वाईट.

सामूहिक मजकुरात काही गोष्टी टाळाव्याच लागतात. पाणी नको : कुणी पूर बघितलेला असतो, कुणाच्या घरात कुणी बुडालेलं असतं. 'तुमचं घर', 'आईची कूस' नको : प्रत्येक घर सुरक्षित नसतं आणि प्रत्येकाला आई नसते. बंद खोली, जिन्यानं खाली उतरणं, अंधार नको. पहाटेचा मोकळा रस्ता, एखादं झाड, पतंगाचं मैदान हे बऱ्यापैकी निर्धोक.

मुलगी रडली यात तुमची चूक असेलच असं नाही. काहींना सैल सोडल्यावरच भीती वाटते, छाती जास्त धडधडते. 1983 मध्ये हाइड आणि बोरकोवेक या मानसशास्त्रज्ञांनी याची नोंद केली आहे. सतत सावध राहण्याची सवय झालेल्याला सैल होणं धोक्याचं वाटतं. अशा वेळी भोवती गर्दी करू नका, 'काय झालं' असं वर्गात विचारू नका. डोळे उघडायला सांगा, तळपाय जमिनीला दाबू द्या, गार पाण्याचा ग्लास हातात द्या. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, अशी हळूहळू नावं घेऊ द्या. तोवर वर्गाला दुसऱ्या कामाला लावा. पुढच्या वेळी तिला हवं तर फक्त मुठींचा व्यायाम द्या.

नंतर एकांतात, पण दार उघडं ठेवून, एवढंच म्हणा : 'त्या दिवशी त्रास झाला. सांगावंसं वाटलं तर मी आहे.' तिनं अत्याचारासारखं काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 2012च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. खोदून तपास करू नका, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मदतीसाठी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणखी एक. भ्रम-भास होणारी मुलं, 'मी माझ्यात नसतो' असं सांगणारी, किंवा नुकताच मोठा आघात झालेली मुलं यांना वर्गातल्या सरावात घेऊ नये. त्यांना हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

प्रश्न : ॲपवरचं इंग्रजी ऐकू की आईनं रेकॉर्ड करून दिलेलं? (वय 17, पुणे)

ज्या भाषेत तू चिडतोस आणि स्वतःशी बोलतोस, त्या भाषेतलं. ॲपवरच्या मजकुरात पाइनचं जंगल आणि शेकोटी असते, तुझी टाकीमागची सावली नसते. आईचा आवाज चांगला, पण तुमची सध्या गुणांवरून भांडणं होत असतील तर तो आवाज ऐकून खांदे वर जातील. मग मित्राचा, मावशीचा, किंवा स्वतःचाच. स्वतःचा आवाज पहिल्या दोन दिवसांत विचित्र वाटतो, मग सवय होते.

रेकॉर्ड करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर बाजूला, म्हणजे 'प', 'फ'चे फटके बसत नाहीत. मागे संगीत नको, त्याची ओढ लागली की परीक्षेच्या वर्गात खूण चालत नाही. आठ-नऊ मिनिटांच्या वर नको. दुचाकीवर, रस्ता ओलांडताना अजिबात ऐकू नकोस. तीन आठवड्यांनंतर रेकॉर्डिंगविना जमतं का बघ. कायम तेच लागत असेल तर सराव अर्धवट राहिलाय.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची. दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात काही नाही. ती नाटक करतेय का? (फोंडा, गोवा)

नाटक नाही. तपासणीत काही न सापडणं म्हणजे दुखत नसणं नव्हे. आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद ताणात जास्त संवेदनशील होतो आणि साधी हालचालही दुखते.

याच दुखण्यावर कल्पनाचित्रणाचा एक चांगला प्रयोग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात झाला. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 6 ते 15 वयोगटातली 34 मुलं, म्हणजे प्रयोग छोटा. काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर घरी ऐकायला रेकॉर्डिंग दिलं, दोन महिने. त्या गटात 63 टक्के मुलांना ठळक फरक पडला, नुसत्या नेहमीच्या उपचारात 27 टक्क्यांना. त्यातलं एक चित्र घरी करण्याजोगं आहे : हातात एक चमकदार वस्तू आहे, ती हळूहळू वितळून तळहातात मुरते, हात उबदार होतो. तो हात पोटावर ठेवायचा आणि ऊब आत पसरू द्यायची. हे रविवारी रात्री करा, सोमवारी सातच्या धावपळीत नाही.

सोमवारी शाळेत काय असतं, तेही शांतपणे शोधा. एखादा तास, बसमधलं कुणी, गणिताची चाचणी. कारण तिथेच राहिलं तर पोट पुन्हा दुखेल. वजन उतरणं, शौचात रक्त, सारखी उलटी, ताप, किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे.

प्रश्न : अकरावीतली भाची खोलीबाहेर येत नाही, जेवण कमी झालंय. परवा म्हणाली, 'मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल.' तिला हे व्यायाम सुरू करू का? (मावशी, नागपूर)

नाही, आत्ता नाही. आज तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंयस का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका. औषधं, कीटकनाशक, ओढण्या, गच्चीची किल्ली तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत असतो आणि मराठीतही बोलता येतं. उत्तर 'नाही' असलं तरी भेट याच आठवड्यात घ्या. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी, झोप आणि भूक बिघडणं, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा, ही सगळी तपासणीची कारणं आहेत. कल्पनाचित्रण पुढे उपचाराचा भाग म्हणून येऊ शकतं, ते उपचार करणारेच ठरवतील.

प्रश्न : सराव सुरू केला की मुलगा पाच मिनिटांत घोरायला लागतो. आणि परीक्षा संपल्यावर बंद करायचं का? (अनेक पालक)

घोरतो म्हणजे झोप कमी पडतेय. आठवडाभर सराव संध्याकाळी बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून करा. रात्री झोपण्यासाठीच वापरत असाल तर झोप लागू द्या, पण त्या वेळी बोटांची खूण करायची नाही, नाहीतर ती झोपेशी जोडली जाईल आणि पेपरात जांभया येतील. परीक्षेनंतर आठवड्यातून दोनदा पुरे. सुट्टीत जागा बदलायची इच्छा झाली तर बदलू द्या, मुलांच्या जागा वर्षा-दोन वर्षांनी बदलतातच.